बडतर्फी, लवाद आणि अपिलाची वाट

‘बडतर्फ’ हा शब्द फारसी ‘बर्तरफ’ ह्या शब्दापासून आपल्याकडे आला. एका बाजूस सारलेला, इतकाच त्याचा सरळ अर्थ. शब्द मोठा सौम्य आहे. परंतु सरकारी लखोट्यातून तो ज्या घरात येऊन पडतो, त्या घरास ही सौम्यता जाणवत नाही. एकत्र कुटुंबात नोकरी ही कधी एकट्याची नसतेच. धाकट्या भावाचे शिक्षण, आईचे औषधपाणी, घराच्या कर्जाचा हप्ता आणि ठरू घातलेली एखादी सोयरीक, एवढे सारे त्या एका पगारपत्रकावर उभे असते. जुन्या पेन्शनच्या नियमांखाली असलेल्या माणसाचे तर बडतर्फीने पेन्शनही जाते. अधिकाऱ्यास दया आलीच तर पेन्शनच्या दोन-तृतीयांशापर्यंत काही देता येते. पण ती दया, हक्क नव्हे.

निवृत्त मास्तराकडे लोक अर्ज लिहून घ्यावयास येतात. त्यात अलीकडे नोकरीतून काढलेल्यांची, किंवा त्यांच्या वडीलमंडळींची, भर पडली आहे. बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते, “मास्तर, आता लवादाकडे जावे म्हणतो.” ह्या महिन्याचे हे पान त्या लवादासाठी खर्ची घालीत आहे, कारण ह्या एका शब्दाने लोकांचे पुष्कळ दिवस फुकट गेलेले मी पाहिले आहेत, आणि अपिलाच्या कामात दिवस हेच द्रव्य होय.

घोटाळा वर्तमानपत्रांनी केला आहे. पर्यावरणाचे जे राष्ट्रीय न्यायाधिकरण आहे त्यास ती सर्रास ‘हरित लवाद’ म्हणतात. तेव्हा कोर्टासारखे दिसणारे परंतु कोर्ट नव्हे असे काहीही दिसले की तो लवाद, अशी लोकांची समजूत झाली. वास्तविक लवाद म्हणजे वादी आणि प्रतिवादी ह्या दोघांनी आपखुषीने नेमलेला मध्यस्थ. न्यायाधिकरण कायद्याने नेमलेले असते; तेथे प्रतिपक्षाची संमती लागत नाही. हा भेद शाब्दिक नव्हे. पेशवाईत पंचायत बसण्यापूर्वी दोन्ही पक्ष ‘राजीनामा’ लिहून देत. आज ह्या शब्दाचा अर्थ नोकरी सोडल्याचे पत्र असा झाला आहे. त्या वेळी पंच जो निर्णय देतील तो आम्हांस राजी आहे, असा तो करार असे. निर्णय झाल्यावर हरलेल्याकडून ‘यजितखत’, म्हणजे हार कबूल असल्याचा लेख, घेतला जाई. जो निर्णय आपण आधीच मान्य करून बसलो, त्याविरुद्ध अपील कसले? लवादाच्या निर्णयावर अपील मिळणे सर्व देशांत अवघड असते त्याचे मूळ हेच आहे.

आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने ‘१०-अ’ हे कलम आले. मालक आणि कामगार ह्यांनी लेखी करार करून आपला वाद लवादाकडे द्यावा, अशी ती सोय होती. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून मागे पडला व औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ऐच्छिक लवादाची सोय संहितेतही आहे. आता अशा लवादाने कामगाराविरुद्ध निर्णय दिला तर पुढे काय? मुंबईच्या हिंद सायकल्स ह्या कारखान्याच्या प्रकरणात हा प्रश्न १९६२ साली सुप्रीम कोर्टापुढे आला. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांचे. सातारच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातील हे गृहस्थ पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सांगितले की, असा लवाद अगदी खाजगी पंच नव्हे हे खरे, तथापि राज्याने आपली न्यायदानाची सत्ता देऊन बसविलेले न्यायाधिकरणही तो नव्हे. म्हणून त्याच्या निर्णयावर थेट सुप्रीम कोर्टात खास परवानगीचे अपील चालणार नाही. हे दार लागले, पण दुसरे किलकिले राहिले. १९७९ साली अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्सच्या खटल्यात ते पुरते उघडले. १९७३ च्या संपानंतर तेथील शेकडो कामगारांना काढण्यात आले होते आणि करारान्वये नेमलेल्या लवादाने मालकाचे कृत्य योग्य ठरविले होते. हायकोर्टाने तो निर्णय फिरविला. हायकोर्टास तसा अधिकार आहे आणि शिक्षा बेताबाहेर असेल तर ती बदलण्याची जी सत्ता कामगार न्यायालयास तीच अशा लवादासही आहे, असे सुप्रीम कोर्टाने बहुमताने म्हटले. एका न्यायमूर्तींनी मतभेद नोंदविला.

परंतु हे सारे कारखान्याचे. सरकारी नोकराचे काय? १९६६ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांशी सल्लामसलतीची एक यंत्रणा उभारली. तीतही लवाद आहे आणि तो सक्तीचा आहे. मात्र त्याच्या कक्षेत तीनच गोष्टी येतात : पगार व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि रजा. एकेका माणसाच्या तक्रारी त्याच्याकडे नेता येणार नाहीत असे तेथे स्पष्ट लिहून ठेवले आहे. म्हणजे सबंध वर्गाच्या रजेचा वाद लवाद सोडवील. त्या वर्गातील एकास घरी पाठविले तर त्याचे तोंडही पाहणार नाही. अमेरिकेत निराळी व्यवस्था आहे. तेथे १९७८ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारचा बडतर्फ नोकर नोकरवर्गाच्या एका मंडळाकडे जाऊ शकतो, किंवा त्याच्या संघटनेच्या इच्छेने प्रकरण लवादापुढे जाते. दोहोंपैकी एकच वाट धरावयाची. आणि लवाद विरुद्ध गेला तर अपील फेडरल सर्किट नावाच्या वरिष्ठ न्यायालयात. अमेरिकेत मुलगा असलेल्या एका स्नेह्यांनी मला हे मोठ्या कौतुकाने ऐकविले. कौतुक करण्यासारखे आहेही. पण सोलापूरच्या कारकुनास त्याचा उपयोग नाही.

सरकारच्या पदरी असलेला माणूस कामगार कायद्याच्या छत्राखाली कधी आलाच नाही, असे मात्र समजू नये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करणाऱ्या दोन वॉर्डसेविकांना नोकरीतून कमी करण्यात आले. कायद्याने द्यावयाचा मोबदला दिला नव्हता. सरकारचे म्हणणे असे की, रुग्णालय हा काही उद्योग नव्हे, तेव्हा तो कायदाच आम्हांस लागू नाही. हायकोर्टाने बायकांच्या बाजूने कौल दिला. सरकार दोन वॉर्डसेविकांविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि १९६० साली तेथेही हरले. हेही निकालपत्र गजेंद्रगडकरांचेच. ज्यांना आपण नाव विचारण्याच्याही आधी हुकूम सोडतो अशा दोन बायकांनी सबंध हिंदुस्थानासाठी कायदा घडविला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात घालण्यासारखी आहे.

सरकारी नोकराचा खरा आधार घटनेचे ३११ वे कलम होय. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्यास बडतर्फ करता येणार नाही, आणि आरोप कळवून, चौकशी करून, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून काढता येणार नाही, असे दोन कठडे त्यात आहेत. हे कठडे नव्हते तेव्हा काय होत असे ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १८८८ साली कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांच्यावर लाच घेतल्याचे आरोप झाले. चौकशीस पुरावा हवा म्हणून, पैसे दिल्याचे खरे सांगणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले. त्यांनी सांगितले. क्रॉफर्डसाहेब लाचेच्या आरोपांतून सुटले, नेटिवांकडून कर्जे काढल्याबद्दल नोकरीस मुकले. आणि अभय मिळाले म्हणून तोंड उघडणारे काही मामलेदारही आपल्या जागा गमावून बसले. त्यांनी दाद कोठे मागावयाची? कोर्ट नाही, न्यायाधिकरण नाही. १८८९ साली पुण्यास टिळकांनी त्यांच्यासाठी सभा भरविली, आणि दिलेल्या वचनाची आठवण सरकारास जाहीरपणे करून देण्यात आली. सभा हेच त्यांचे अपील. त्यापूर्वी १८७४ साली सिव्हिल सर्विसमधून काढलेले सुरेंद्रनाथ बॅनर्जी दाद मागावयास स्वतः विलायतेस गेले होते. रिकाम्या हातांनी परत आले.

घटना झाल्यावरही सरकारने आडवाटा शोधल्याच. रेल्वेच्या नियमांत एक असे कलम होते की, कायम नोकरासही ठराविक मुदतीची नोटीस देऊन काढता यावे. चौकशी नको, आरोप नको. मोतीराम डेका ह्या रेल्वेच्या शिपायाने त्यास आव्हान दिले. डिसेंबर १९६३ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते नियम रद्द केले. मुख्य निकालपत्र पुन्हा गजेंद्रगडकरांचे. जो नोकर कायम आहे त्यास वयोमर्यादेपर्यंत जागेवर राहण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्कावर नोटिशीने घाला घालणे म्हणजे काढून टाकणेच होय, असा त्यातील विचार. आमचे सोलापूर रेल्वेचे गाव. येथे घरटी नव्हे तरी गल्लीटी एक रेल्वेवाला निघेल. त्यांतील किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

कठड्यांत फटी आहेत हेही सांगितले पाहिजे. फौजदारी गुन्हा शाबीत झाला असेल, चौकशी करणे व्यवहार्य नाही असे अधिकाऱ्याने कारणे लिहून ठरविले असेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर चौकशीवाचून काढता येते. जुलै १९८५ च्या तुळशीराम पटेल निकालाने ह्या फटी वैध ठरविल्या. आणि सगळ्यांत मोठी फट ही की, महामंडळे, बँका, महापालिका ह्यांच्या नोकरांस ३११ वे कलम मुळात लागूच नाही. २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा जो दीर्घ संप सुरू झाला, त्यातील मुख्य मागणी महामंडळ सरकारात विलीन करावे हीच होती. लोकांनी ती पगाराची मागणी समजली. पगाराची होतीच, पण आम्हांस सरकारी नोकर म्हणा, ह्या हट्टामागे हे कवचही होते. निलंबने झाली, बडतर्फ्या झाल्या. अखेर एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत कामावर येणाऱ्यांस परत घेण्यास सांगितले, तेव्हा त्या घरांतील चुली पुन्हा नीट पेटल्या. विलीनीकरण झाले नाही ते नाहीच.

आता वाटेचे बोलू. चौकशीनंतर बडतर्फीचा हुकूम आला की पहिले अपील खात्यातच, वरच्या अधिकाऱ्याकडे. रेल्वेच्या १९६८ च्या नियमांत आणि केंद्राच्या इतर नोकरांसाठी असलेल्या १९६५ च्या नियमांत त्याची मुदत हुकूम मिळाल्यापासून ४५ दिवस आहे. राज्य सरकारच्या नोकरांसाठी १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. हे अपील म्हणजे भिंतीवर डोके आपटणे, अशी समजूत करून घेऊन ते टाळणारे पुष्कळ आहेत. पण ते केल्यावाचून न्यायाधिकरण सहसा अर्ज ऐकत नाही. अपील केले आणि सहा महिने उत्तर आले नाही तर वाट मोकळी होते; त्यानंतर एका वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे गेले पाहिजे. केंद्राच्या नोकरांसाठी १९८५ पासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे आणि महाराष्ट्राच्या नोकरांसाठी १९९१ पासून आपले ‘मॅट’, ज्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर पूर्वी एकदम सुप्रीम कोर्टच गाठावे लागे. मार्च १९९७ च्या चंद्रकुमार निकालाने ते बदलले. आता आधी हायकोर्टाचे दोन न्यायमूर्तींचे पीठ. सोलापूरच्या पक्षकाराने सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी, तारीख पडावी आणि त्याच रात्री परत निघावे, हा क्रम कित्येक वर्षे चालला. चाळीस वर्षांहून अधिक काळ मागणी केल्यावर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास हायकोर्टाचे फिरते पीठ बसू लागले आणि आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आला. कोल्हापूरही काही शेजारी नव्हे. तथापि मुंबईच्या मानाने वाट निम्मी झाली.

वरच्या कोर्टात सगळे पुन्हा पहिल्यापासून ऐकले जाईल, ही दुसरी भ्रामक समजूत. साक्षीदार खरे बोलला की खोटे, हे हायकोर्ट पुन्हा तोलत बसत नाही. चौकशी नियमाने झाली का, निष्कर्षास काही तरी पुरावा आहे का, आणि शिक्षा सद्सद्विवेकबुद्धीस धक्का देण्याइतकी अवाजवी आहे का, एवढेच पाहिले जाते. १९९५ च्या चतुर्वेदी निकालात हे स्पष्ट झाले आहे. अर्थात जे काही जिंकावयाचे असते त्याचा पाया खात्यातल्या त्या कंटाळवाण्या चौकशीतच घातला जातो, जिच्याकडे आरोपी नोकर ‘नाटक आहे सारे’ म्हणून पाठ फिरवितो.

माझा एक जुना विद्यार्थी अशीच पाठ फिरवून बसला होता. एका सरकारी कचेरीत कारकून. नोंदवहीतील काही नोंदी मागाहून केल्याचा आरोप. आरोपपत्रास त्याने अकरा पाने उत्तर दिले. त्यातली दहा साहेबाचा स्वभाव, साहेबाने लोकांदेखत केलेला अपमान आणि आपली एकोणीस वर्षांची इमानी सेवा ह्यांवर. नोंदींविषयी एक ओळ नाही. ज्या वहीवर सारा आरोप उभा, ती पाहावयास मागितली नाही; साक्षीदारास प्रश्न विचारला नाही. बडतर्फीचा हुकूम आल्यावर वडिलांचा रक्तदाब वाढेल म्हणून त्याने तो कपाटात ठेवला आणि रोज डबा घेऊन घराबाहेर पडत राहिला. बायकोच्या हाती कागद लागला तेव्हा ३१ दिवस गेले होते. ती त्यास घेऊन माझ्याकडे आली. तो मान खाली घालून बसला, बोलली ती. “मास्तर, ह्यांना काय वाटायचं ते वाटो, मला किती दिवस उरलेत ते सांगा.” असा नेमका प्रश्न मला चौतीस वर्षांच्या नोकरीत वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल.

अपील आम्ही तीन पानांत बसविले. विशेषणे मी काढून टाकली. व्याकरणाच्या मास्तराने विशेषणांवर असा हात चालविलेला पाहून त्यासही हसू आले. मजकूर उकरताना एक गोष्ट निघाली : चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत त्यास शिक्षेपूर्वी दिलीच नव्हती. ही क्षुल्लक तक्रार नव्हे. १९९३ च्या करुणाकर निकालाने ती प्रत मिळणे हा नोकराचा हक्क ठरविला आहे. मात्र प्रत न मिळाल्याने आपले काय नुकसान झाले हे दाखवावे लागते, आणि ते दाखविले तरी कोर्ट त्यास निर्दोष ठरवीत नाही. त्या पायरीपासून चौकशी पुन्हा चालविण्यास सांगते. झालेही तसेच. अपिलास सहा महिने उत्तर नाही. मग वकील करून न्यायाधिकरण. तेथे बडतर्फी रद्द, परंतु अहवाल देऊन पुढे चालविण्याची खात्यास मोकळीक. दुसऱ्या खेपेस त्याने फक्त नोंदींवर उत्तर दिले, तारीखवार. दोन नोंदींचा खुलासा त्यास करता आला नाही, आणि मी त्यास तो रचूही दिला नाही. नोकरी वाचली, वेतनवाढी रोखल्या गेल्या.

आमच्या धर्मशास्त्रकारांना ह्या साऱ्याचे आश्चर्य वाटले नसते. याज्ञवल्क्यस्मृतीत कुल, त्यावर श्रेणी, त्यावर पूग, त्यावर राजनियुक्त सभ्य, अशी निर्णय करणाऱ्यांची उतरंड दिली आहे. चुकीचा निवाडा राजाने पुन्हा पाहावा असेही सांगितले आहे, आणि तो चुकीचा ठरला तर जिंकलेल्या पक्षासह सभ्यांनाही दुप्पट दंड! न्याय्य रीतीने हरूनही पुन्हा उभा राहणाऱ्यास तोच दुप्पट दंड. आजच्या चौकशी अधिकाऱ्यांना ह्यातला पहिला नियम लागू केला तर चौकश्या किती काळजीने होतील, असा एक खट्याळ विचार मनात येतो. दुसरा नियम आजच्या पक्षकारांस नको, कारण खरोखर हरलेला कोण हे ठरण्यास आपल्याकडे पंधरा वर्षे लागतात.

त्या वर्षांत खावयाचे काय? निलंबनात निर्वाहभत्ता मिळतो. आपल्या राज्याच्या जुन्या नियमांत असे होते की, नोकर फौजदारी कोर्टात दोषी ठरला की, त्याचे अपील चालू असले तरी, हा भत्ता महिना एक रुपया करावा. एक रुपया! १९८३ साली सुप्रीम कोर्टाने ती तरतूद रद्द केली. जो माणूस उपाशी आहे त्यास अपील करण्याचा हक्क देऊन उपयोग काय, असाच तो विचार होता. बडतर्फी झाल्यावर मात्र भत्ताही नाही. मग घर त्यास पोसते, आणि त्यातून एक प्रश्न निघतो जो वकिलापेक्षा घरातल्या वडीलमाणसांनी सोडवावयाचा असतो.

तो असा. परत घेतल्यावर मधल्या काळाचा पगार मागताना, त्या काळात आपण दुसरीकडे काही कमावीत नव्हतो, किंवा कमावीत असल्यास किती, हे शपथेवर सांगावे लागते. ऑगस्ट २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालात, जो महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेचा आहे, अन्यायाने काढलेल्यास मागील पगार देणे हा सर्वसाधारण नियम मानला. पण नोकराने हे निवेदन आधी केले पाहिजे, मग ते खोटे पाडण्याची जबाबदारी मालकावर. माझा विद्यार्थी त्या अडीच वर्षांत चुलत्यांच्या चादरींच्या दुकानात हिशेब लिहीत होता. पगार असा ठरलेला नव्हता. घरात जेवण, मुलांची फी आणि सणावारी हातात काही. चुलते म्हणाले, “घरचंच काम, त्याचा कसला पगार? काही कमावलं नाही म्हणून लिहा.” वडील गप्प राहिले. बायकोने आपल्या वहीत मुलांच्या फीच्या रकमा तारखांसह लिहून ठेवल्या होत्या. ती वही तिने सासऱ्यांपुढे ठेवली. प्रतिज्ञापत्रात त्या रकमा, दुकानाचे नाव आणि चुलत्यांशी असलेले नाते, तिन्ही गेली. चुलते त्यावर आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच नोटरीकडे बरोबर गेले. मधल्या काळाच्या पगाराचा निर्णय अजून खात्याकडून यावयाचा आहे.